सत्तेचाळीसचं चुकीचं उत्तर

"मॅडम, सख्ख्या भावाला ओटीपी सांगितला तर पोलीस कुणाला धरतात? त्याला, का मला?"

सुखदाने माइकवर हे विचारलं आणि रहाटणीच्या त्या शाळेचा अख्खा हॉल खदखदून हसला. पैजच तशी लागली होती. सायबर सेलच्या मॅडम व्याख्यानाला येणार म्हटल्यावर वर्षाली आणि पूर्वी या तिच्या मैत्रिणी मागे लागल्या होत्या, "विचारून दाखव! आणि हसायचं नाही हां. हसलीस तर दाबेली तुझ्याकडून." सुखदा हसली नाही. मागच्या वर्षीपर्यंत हजेरीला 'प्रेझेंट' म्हणतानाही जिचा आवाज घशात अडकायचा, ती वक्तृत्वात पहिली आली आणि नववीत पाऊल ठेवल्यापासून तिचं तोंड जे उघडलं होतं ते मिटायचं नावच घेत नव्हतं.

"कसला ओटीपी? आणि भाऊ असतो कुठे?" मॅडमनी विचारलं.

मग काय, समोर माइक आणि अख्खी शाळा कान टवकारून. सुखदाने सगळं सांगितलं. तिचा दादा ओजस चाकणच्या कंपनीतून वर्षभराच्या ट्रेनिंगसाठी जर्मनीला गेलाय. त्याचं बँकखातं इथलंच आहे. बँकेचे मेसेज तिकडे त्याच्या सिमवर येणार नाहीत, हे बँकेत दोनदा विचारून कळलं. शेवटी ते सिम काढून त्याने जाता जाता एका जुन्या बटणांच्या मोबाइलमध्ये घातलं. त्या मोबाइलला घरात 'डबा' म्हणतात. रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत येते म्हणून डबा कापडी पिशवीत घालून ग्रिलला टांगलेला असतो. दादाला काही भरायचं असलं की तो व्हॉट्सअॅपवर फोन करतो, डबा टुंग वाजतो, आणि सुखदा आकडे वाचून दाखवते.

"थोडक्यात, मी घरची ओटीपी मंत्री आहे!"

टाळ्या पडल्या. मॅडमही हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "मंत्रीणबाई, ओटीपी म्हणजे तोंडातलं च्युइंगम. सख्ख्या भावालासुद्धा काढून देत नाही ना आपण?" पुन्हा हशा. मग त्या म्हणाल्या, "अनोळखी नंबर असेल, समोरचा घाई करत असेल, आणि 'घरात सांगू नकोस' म्हणत असेल, तर फोन ठेवायचा. आवाज ओळखीचा वाटला म्हणून फसू नका. आता आवाजाचीही नक्कल करता येते. फारच शंका आली तर असं काहीतरी विचारा, ज्याचं उत्तर फक्त तुमच्या घरालाच ठाऊक आहे."

हे वाक्य सुखदाने मनात पक्कं टिपून ठेवलं. कारण असा प्रश्न तिच्याकडे तयारच होता.

आधी ओटीपी आई वाचायची. आई, म्हणजे चारुलता, पिंपळे सौदागरला एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. ती शिकली उदगीरच्या मराठी शाळेत. त्यामुळे आकडे वाचायची ते जोडीजोडीने आणि चक्क मराठीत. "घे रे ओजस, अठ्ठावीस. पुढं सत्तेचाळीस. मग त्रेसष्ट." पोरं दोन्ही सेमी-इंग्लिशची. सत्तेचाळीस म्हटलं की ओजसच्या कानात आधी सात शिरायचे, मागून चाळीस यायचे. तो सात लिहायचा, मग चार. चौऱ्याहत्तर! एकदा आई पुन्हा पुन्हा 'सत्तेचाळीस' म्हणत राहिली, तो पुन्हा पुन्हा चौऱ्याहत्तर लिहीत राहिला आणि बँकेने त्याचं खातंच दिवसभर बंद केलं.

त्या दिवशी सुखदा म्हणाली होती, "आई, तू राहू दे. मी सांगत जाईन. टू, एट, फोर, सेव्हन. सिंपल."

आईने डबा मुकाट्याने तिच्या हातात दिला होता. "बरं बाई. तुमचं इंग्लिश बरं," एवढंच म्हणाली. आकड्यांच्या आधी-नंतर ओजस आईशी जे दोन शब्द बोलायचा, जेवलास का, थंडी किती आहे, तेही त्यानंतर सुखदाकडेच आलं. ते तिच्या लक्षात आलं नाही, असं नाही. पण मंत्रिपद मिळालं की खातेवाटपाचा विचार कोण करतं?

तेव्हापासून घरात ओजसला चिडवायचं झालं की सगळे एकच विचारायचे, "काय रे, सत्तेचाळीस म्हणजे किती?" आणि तो मुद्दाम छाती फुगवून सांगायचा, "सात चार!"

व्याख्यानाच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी तिघी सुखदाच्या घरी होत्या. वर्षालीची आई हिंजवडीत कामाला. तिची कॅब ट्रॅफिकमधून सुटेपर्यंत वर्षालीचा मुक्काम सुखदाकडेच असायचा आणि वर्षाली आहे म्हणून पूर्वीचाही. सुखदाचे बाबा, मधुसूदन, सेकंड शिफ्टला चाकणला गेलेले, आई लॅबमध्ये. जिंकलेली दाबेली खाऊन तिघींची बोटं अजून चिकट होती, तेवढ्यात सुखदाचा मोबाइल वाजला. परदेशातला नंबर. सुरुवात +४८ ने.

"दादाच्या जर्मनीचा कोड फोर नाइन आहे. हा कोण?" सुखदा म्हणाली.

"फ्रॉडवाला!" वर्षालीने टुणकन उडी मारली. "स्पीकरवर टाक. मी रेकॉर्ड करते. टाक ना!"

सुखदाने फोन स्पीकरवर टाकला.

"हॅलो, सुखे? ओजस बोलतोय," पलीकडून घोगरा, घाईघाईचा आवाज आला. "माझा मोबाइल पडून फुटला. रूममेटच्या फोनवरून करतोय, पोलंडचा आहे तो. ऐक, डब्यावर आत्ता एक ओटीपी येईल. पटकन सांग."

तेवढ्यात खिडकीत डबा वाजला. टुंग.

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. पूर्वीने तोंडावर हात दाबला. सुखदाच्या अंगावर काटा आला, पण भीतीचा नाही, मजेचा. अनोळखी नंबर. घाई. काल मॅडम जे म्हणाल्या ते आज घरबसल्या हजर!

"तुम्हाला डब्याचं कसं कळलं?" तिने वक्तृत्वाचा आवाज लावून विचारलं.

"म्हणजे काय? मीच तर... सुखे, चेष्टा नको गं. जर्मनच्या परीक्षेची फी भरतोय. वेबसाइट आत्ताच उघडलीये आणि जागा भराभर जातायत. ओटीपी दहाच मिनिटं चालतो. आणि आईला बोलू नकोस यातलं काही, उगाच घोर लावून घेईल."

"घरात सांगू नकोस!" वर्षाली कुजबुजली आणि तिने तिसरं बोट वर केलं.

डब्याचं तर काल अख्ख्या शाळेला कळलं होतं. 'सुखे' तर वर्गातलं कुणीही म्हणायचं. सुखदाने घसा साफ केला.

"ठीक आहे. ओजसदादा असशील तर सांग. सत्तेचाळीस म्हणजे किती?"

"काय?"

"सत्तेचाळीस. लिही आणि वाच."

"चार सात," पलीकडचा म्हणाला. "फोर सेव्हन. आता सांग लवकर."

"चूक!" सुखदा ओरडली.

"अगं, बरोबर आहे ते!"

"बरोबर आहे म्हणूनच चूक!"

वर्षाली हसता हसता पलंगावर आडवी झाली, पण रेकॉर्डिंग करणारा हात तिने तेवढा वर धरून ठेवला. सुखदाला आता कोण अडवणार? "काका, माझ्या दादाला सत्तेचाळीस येत नाही, बरं का! तुमचा अभ्यास जरा जास्तच झालाय. आवाजाची नक्कल छान केलीत, पण बुद्धीची नाही जमली. हा रहाटणीचा नंबर आहे, इथं शिजायची नाही तुमची डाळ!"

"सुखे, खरंच मी आहे. जागा संपतायत गं."

"जागा संपतायत गं," सुखदाने त्याच्यासारखाच घोगरा, रडका आवाज काढला. पूर्वीच्या डोळ्यांतून पाणी आलं. सुखदाने पुन्हा तसंच केलं, या वेळी नाकातून. "संपतायत गंऽऽ!"

पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग तोच आवाज, आता घाई नसलेला, म्हणाला, "बरं. राहू दे. बरोबर करतेयस तू. कुणालाच देत जाऊ नकोस."

आणि फोन बंद झाला.

हसणं थांबलं ते आधी पूर्वीचं. "हा असं का म्हणाला गं?"

"ओव्हरअॅक्टिंग," सुखदा म्हणाली. पण म्हणताना ती मोबाइलवरच्या त्या नंबरकडे पाहत राहिली. एक फोन लावला असता तर? त्या +४८ वर परत? डबा समोरच होता. दहा मिनिटं व्हायला अजून अवकाश होता.

"पाठव, पाठव, ग्रुपवर टाकू," वर्षाली म्हणाली. तिने रेकॉर्डिंग सुखदाच्या मोबाइलवर पाठवलं. सुखदाने ते ऐकलं. ते 'संपतायत गंऽऽ'पर्यंत झकास होतं, पण शेवटच्या वाक्याला येऊन पडत होतं. सगळी मजा उतरत होती. मग तिने ते वाक्य कापलं. अंगठ्याने मागची दांडी अलगद आत सरकवली आणि क्लिप 'गंऽऽ'वर संपवली. खाली लिहिलं, 'फ्रॉडवाला सापडला!!' आणि हसणारे चेहरे कुठले टाकायचे यावर तिघींची चांगली चर्चा झाली. त्या चर्चेतच ती दहा मिनिटं गेली.

क्लिप वर्गाच्या ग्रुपवरून शाळेच्या ग्रुपवर गेली, तिथून सोसायटीच्या. तासाभरात वर्गशिक्षक नागसेन सरांचा मेसेज आला, 'शाब्बास सुखदा! शुक्रवारी परिपाठात तू यावर बोल. क्लिप सर्वांना ऐकवू.' सुखदाने तो मेसेज उभ्याने वाचला, मग बसून वाचला, मग वर्षाली-पूर्वीला मोठ्याने वाचून दाखवला.

संध्याकाळी आई आली. चपला काढता काढताच म्हणाली, "अगं, काय केलंस तू? लिफ्टमध्ये तीन बायका माझं अभिनंदन करत होत्या. ऐकव की मला."

सुखदाने ऐकवली. आई आधी हसऱ्या तोंडाने ऐकत होती. मग तिने पर्स ओट्यावर ठेवली. 'जागा संपतायत गं' आलं तेव्हा तिने हाताने थांब म्हणून खूण केली.

"हे परत लाव."

सुखदाने परत लावलं.

"हा ओजस आहे," आई म्हणाली.

"आई, नाही गं! आवाजाची नक्कल करतात आता. मॅडमनी सांगितलंय. आणि त्याने सत्तेचाळीस बरोबर सांगितलं!"

"नक्कल करणाऱ्याला सर्दी होते का?" आईचा आवाज चढला नव्हता, उलट अगदी खाली गेला होता. "नाक चोंदलं की तो 'गं' असाच म्हणतो. लहानपणापासून. लाव तो नंबर."

सुखदाने नंबर लावला. आधी कुणीतरी परक्या भाषेत बोललं, मग ओजस आला. आईने मोबाइल हातात घेतला आणि पहिलं काय विचारलं, तर "वाफ घेतलीस का?"

फीचं झालं का, हे सुखदानेच मागून विचारलं. विचारताना तिचा तो वक्तृत्वाचा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"नाही गं. भरल्या जागा," ओजस म्हणाला. "पुढची परीक्षा आहे, पण तोवर माझं ट्रेनिंग संपतंय. सर्टिफिकेट असेल त्यालाच इथे ठेवून घेतात." मग लगेच हसून म्हणाला, "चालायचंच. चाकण काय वाईट आहे का? बाबांच्याच बसने जाईन. विंडो सीट मात्र माझी."

"पण तू सत्तेचाळीस बरोबर कसं सांगितलंस?" सुखदाला रडू येत होतं आणि रागही येत होता, त्याचा का स्वतःचा ते कळत नव्हतं. "तुला येत नाही ना ते!"

"अगं, जर्मन लोक पण आईसारखंच बोलतात! आधी सात, मग चाळीस. झीबन-उंड-फीर्त्सिश. आमच्या बाईंनी घोटून घेतलं, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं की हे तर आईचंच सत्तेचाळीस. म्हटलं, आता घरी आलो की आईलाच ओटीपी वाचायला लावायचा, मराठीत, आणि एका दमात बरोबर लिहून दाखवायचं. सरप्राइज." त्याने नाक ओढलं. "मला पाठ असलेला घरचा एकच नंबर होता सुखे. तुझा. म्हणून तुला लावला."

शेवटच्या वाक्याबद्दल तो काहीच बोलला नाही. ते आपण कापलं हे त्याला कुठून माहीत असणार?

पुढचे दोन दिवस सुखदा शाळेत जिथे जाईल तिथे 'संपतायत गंऽऽ' ऐकू येत होतं. पाण्याच्या टाकीपाशी, जिन्यात, पीटीच्या तासाला. पाचवीतली एक मुलगी तर तिला पाहून लाजली आणि मैत्रिणीला म्हणाली, "तीच ती ताई." काल-परवापर्यंत सुखदाने यासाठी जीव टाकला असता. आता प्रत्येक 'गं' तिच्या कानशिलावर बसत होता. ते तिचं मिमिक्री केलेलं नाक नव्हतं. ते सर्दी झालेल्या दादाचं नाक होतं, आणि सगळी शाळा ते ओढत होती.

वर्षालीला तिने सांगून टाकलं. वर्षालीने डोळे विस्फारले, मग खांदे उडवले. "पण कुणाला माहितेय? तुझा दादा काय शाळेत येणारे? शुक्रवारी बोल आणि मोकळी हो यार. सर्टिफिकेट देणारेत म्हणे."

पूर्वी मात्र एवढंच म्हणाली, "मला तेव्हाच वाटलं होतं." आणि सुखदाला वाटलं, हिने हे बोलायलाच नको होतं. कारण वाटलं तर तिलाही होतं.

गुरुवार म्हणजे कंपन्यांचा रविवार, बाबांची सुट्टी. सुखदा शाळेतून आली तेव्हा बाबा बनियनवर बसून टेबलफॅनची जाळी पुसत होते आणि आई भाजी निवडत होती. दोघांचं बोलणं तिच्याबद्दलच चाललं असावं, कारण ती आत येताच ते थांबलं.

"ये," बाबा म्हणाले. "तोंड का असं? दोन दिवस बघतोय, जेवण नाही, बडबड नाही. घर कसं ओसाड वाटतंय."

"काही नाही."

"हे बघ, तू चुकीचं काही केलेलं नाहीस," बाबा फडकं बाजूला ठेवत म्हणाले. "नंबर परका, घाई, सगळं संशयास्पदच होतं. सावध राहिलीस. उद्या खरंच कुणी चोर असता तर? मी तर कंपनीत सांगितलं, आमची पोरगी पोलिसांच्या वरताण आहे."

"बाबा, सांगितलंत पण?"

"मग! माझ्या शिफ्टच्या दौलतरावांनी लाइनवरच्या सगळ्यांना ऐकवली क्लिप. ओजस होता, हे नाही सांगितलं मी. घरातली गोष्ट घरात. उद्या तूही नको सांगूस. पाच मिनिटं बोलायचं, ओटीपी देऊ नका म्हणायचं, खाली बसायचं."

"मीही तेच म्हणते," आई म्हणाली. "त्याचं हसं नको आणि तुझंही. त्याने मनावर घेतलेलं नाही. मलाच म्हणाला काल, तिला रागावू नको."

सुखदाला वाटलं, हे दोघं रागावले असते तर किती बरं झालं असतं. ती स्वयंपाकघरात गेली. ग्रिलला डबा टांगलेला होता, खालच्या कचऱ्याच्या गाडीचं गाणं खिडकीतून वर येत होतं. तिने पिशवीतून डबा काढला, बाहेर आणला आणि आईच्या पुढ्यात, मेथीच्या जुडीशेजारी ठेवला. मग स्वतःचा मोबाइल काढला.

"आधी हे ऐका. हे पूर्ण आहे. कुणीच ऐकलेलं नाही."

तिने न कापलेलं रेकॉर्डिंग लावलं. बाबा नेहमीच्या ठिकाणी हसायला लागले आणि मग, कुणाची तरी आठवण झाल्यासारखे, अर्ध्यात थांबले. 'संपतायत गंऽऽ' झालं. त्यानंतर ती शांतता, जी क्लिपमध्ये नव्हती. आणि मग ओजस.

*बरं. राहू दे. बरोबर करतेयस तू. कुणालाच देत जाऊ नकोस.*

आईचे मेथीतले हात तसेच राहिले.

"हे कापलं मी," सुखदा म्हणाली. तिचा आवाज मागच्या वर्षीच्या 'प्रेझेंट'एवढाच निघत होता, पण ती बोलत राहिली. "असं कुठला चोर म्हणतो का, बाबा? मला तेव्हाच कळायला हवं होतं. थोडंसं कळलंही होतं. ओटीपी चालू होता तेव्हा, फोन लावता आला असता. पण मग गंमत संपली असती. म्हणून मी लावला नाही. सावध बिवध काही नव्हते मी."

बाबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि आईने नुसत्या मानेने त्यांना थांबवलं.

"डबा आजपासून आईकडे. आई मराठीतच वाचणार, कारण दादाला आता येतं. आणि उद्या परिपाठात मी बोलणार आहे, पण तुम्ही म्हणता तसं नाही. आत्ता येताना मी दादाला विचारलं. तो म्हणाला, तुझी इच्छा, पण माझं नाक तेवढं कमी ऐकव." तिने मनगटाने स्वतःचं नाक पुसलं. "नाक कमी नाही होणार. मी सगळं ऐकवणार आहे. शेवटपर्यंत. आणि तो कोण होता ते सांगणार आहे."